लय भला राक्षस

मुळशी तालुक्यात रात्री दीड वाजता गॅलरीत उभं राहून, मोबाईलवर, मोठ्या आवाजात 'तलवार घ्यायची आहे' असं बोलू नये. मी बोललो. आमच्या घरात रेंज फक्त गॅलरीत येते आणि माझा आवाज मुळात खळ्यावरचा. पुढची वाक्यंही काही सौम्य नव्हती. "180 ला आहे म्हणतोय, आणि माझ्याकडे 120 च आहेत." मग, "तोवर सोटा घेऊ का? 60 ला बसतो." आणि शेवटी, "नाही रे, पुलापलीकडचे फार बेकार आहेत. काल रिकाम्या हातानं गेलो तर दोन फटक्यांत आडवा केला."

सकाळी लिफ्टपाशी सोसायटीचे अध्यक्ष भेटले. एरवी हे गृहस्थ मला पार्किंगवरून बोलतात. आज त्यांच्या आवाजात साय होती.

"सगळं ठीक ना?"

"मजेत."

"नाही, गावाकडं काही... जमिनीचं वगैरे?"

"आहे की. दोन वर्षं चालूच आहे."

त्यांनी आवंढा गिळला. "पलीकडं माणसं किती आहेत?"

"माणसं कसली? विंचू, भुतं, सांगाडे."

लिफ्ट आली होती, दार उघडं होतं, तरी गुडघ्याचं ऑपरेशन झालेला तो माणूस जिन्यानं चौथ्या मजल्यावर गेला. त्या दिवसापासून माझ्या गाडीमागे कुणी गाडी लावत नाही.

दोष त्यांचा नाही. 2018 साली 'मुळशी पॅटर्न' सिनेमा आला. जमीन विकून बसलेल्या शेतकऱ्याच्या पोराची ती गोष्ट. त्यातली जमीन लोक विसरले आणि हत्यारं तेवढी लक्षात ठेवली. 'मूळचे कुठले?' 'मुळशी' एवढं म्हटलं की आजही समोरचा अर्धं पाऊल मागे सरकतो. हे भांडवल मी जपून ठेवलं आहे, कारण त्यापलीकडे माझ्याकडे काहीच नाही. वय 53. भूगावात दोन खोल्या, हिंजवडीत नोकरी, कंबरेला पट्टा. पालीला घाबरतो.

तर ती तलवार तांब्याची होती आणि जपानी होती. 'ड्रॅगन क्वेस्ट' हा खेळ 1986 साली जपानमध्ये निघाला. युजी होरी नावाच्या, मासिकांतून लिहिणाऱ्या माणसानं तो रचला, म्हणजे आमच्याच पंगतीतला. राक्षस काढले 'ड्रॅगन बॉल'वाल्या अकिरा तोरियामांनी. अमेरिकेत 1974 पासून लोक टेबलाभोवती बसून, फासे टाकत, 'मी योद्धा, तू मांत्रिक' असे खेळ खेळत होते. पुढे ते संगणकावर गेले आणि इतके किचकट झाले की खेळायच्या आधी अभ्यास करावा लागे. होरींनी हा सगळा पसारा दोन बटणं आणि दिशेची एक फुली एवढ्यात बसवला. भाच्यानं तो माझ्या मोबाईलवर टाकून दिला आणि म्हणाला, "मामा, हा तुमच्या वयाचा आहे." वयानं माझ्यापेक्षा चांगलाच धाकटा आहे, पण मी ते मनाला लावून घेतलं नाही.

खेळ सुरू होतो तो दरबारात. राजा सांगतो, ड्रॅगनलॉर्ड नावाच्या महाराक्षसानं राज्याचं वाटोळं केलंय, जा आणि त्याला मार. बाजूला पेट्या ठेवलेल्या असतात. उघडल्या की 120 मोहरा मिळतात. बाहेर पडून दुकानात जावं तर तांब्याची तलवार 180 ला. अख्खं जग वाचवायला निघालेल्या माणसाला एक तलवारसुद्धा येणार नाही, असं बरोब्बर मोजून काढलेलं अनुदान! टोकियोत बसून या गृहस्थाला आपला कारभार इतका आतून कसा कळला, याचं मला आजही नवल वाटतं.

मग माळावर पहिला राक्षस भेटतो. त्याला स्लाइम म्हणतात. निळा, तुळतुळीत, डोक्यावर शेंडी आणि तोंडभर हसू. हुबेहूब उकडीचा मोदक, फक्त कळ्या पाडायच्या राहिलेल्या. त्याला सोटा मारताना पहिल्यांदा माझा हात अडखळला. घरात चतुर्थी होती. एक चौकट उघडली: मारा, पळा, मंत्र, वस्तू. आणि त्यानंतर काहीच झालं नाही. मोदक माझ्याकडे बघत उभा. मी चष्मा शोधून आणला, तो उभा. दूध उतू गेलं म्हणून स्वयंपाकघरात गेलो, ओटा पुसला, दोन शब्द ऐकून घेतले, परत आलो, तरी तो तसाच हसत उभा. मी 'मारा' म्हटल्यावर आधी मी मारलं, मग त्यानं मारलं. मग पुन्हा तो थांबला.

53 वर्षांत माझ्यासाठी इतका वेळ कुणी थांबलं नव्हतं.

याआधी मी आधुनिक होऊन पाहिलं होतं. विमानातून 100 जण उड्या मारतात आणि शेवटी एक उरतो, तो खेळ. मी उडी मारली, ती एका घराच्या छपरावर. आत जायचं दार शोधता शोधता घराला तीन प्रदक्षिणा घातल्या. चौथीत कुणीतरी गोळी घातली आणि कानात आवाज आला, "अंकल, आप रहने दो." आवाज फुटायचा होता पोराचा अजून. नंतर मी 'राजी' घेतला, तोही अभिमानानं, कारण 2020 साली तो पुण्यातल्याच नॉडिंग हेड्स गेम्सनं काढला. महाबलासुरानं पळवलेल्या भावाला सोडवायला निघालेली धाडसी पोरगी, देखणे महाल, सगळं उत्तम. पण त्यातले राक्षसही पुण्याचेच. रांग नाही, नंबर नाही, चारी बाजूंनी एकदम अंगावर. चौथ्या मरणानंतर मी राजीची मनोमन माफी मागितली आणि फोन उपडा ठेवला.

"मग मामा, तुम्हाला नंबरवालाच खेळ पाहिजे," भाचा म्हणाला. तेव्हा मला कळलं की हे दुखणं माझ्या एकट्याचं नाही. त्याच्या वसतिगृहातली, दोन सेकंदांचं रीळही पूर्ण न बघणारी पोरं रात्र रात्र जागून राक्षसाचा नंबर कधी येतो याची वाट बघतात. 2023 साली 'बाल्डर्स गेट 3' आला. त्यात कुणाला साधी गळ घालायची तरी पडद्यावर 20 बाजूंचा फासा गडगडतो. पडला तर पडला. धर्मराजाच्या काळापासून आपल्याला हे ठाऊकच आहे. 2024 मध्ये 'ड्रॅगन क्वेस्ट'चा तिसरा भाग नव्या रंगरंगोटीत पुन्हा निघाला. हा मूळचा 1988 चा, त्याच्या पायी जपानात पोरांनी शाळा बुडवून दुकानापुढे रांगा लावल्या होत्या आणि पोलिसांना त्यांना हटकावं लागलं होतं. 2025 मध्ये फ्रान्समधल्या माँपेलियेच्या मंडळींनी 'क्लेअर ऑब्स्क्युर' काढला. त्यात एक बाई दरवर्षी एक आकडा रंगवते आणि त्या वयाची माणसं हवेत विरून जातात. आकडा वर्षाला एकेक उतरत 33 वर आलाय. म्हणजे माझ्या वयाची माणसं तिथं 20 वर्षांपूर्वीच संपली. तो मी तासभर खेळलो. नंबर लावून मारामारी आहे खरी, पण वार चुकवायला नेमक्या क्षणी बटण दाबावं लागतं. नेमका क्षण मला आयुष्यात कधी सापडलेला नाही. लग्नसुद्धा उशिरा झालं.

म्हणून मी मोदकांकडे परतलो.

नंबर लावून मारणाऱ्या राक्षसाची किंमत भूगावहून हिंजवडीला जाणाऱ्यालाच कळते. एकाच तालुक्यातली दोन गावं. पण मध्ये चांदणी चौक आहे. तिथला जुना पूल ऑक्टोबर 2022 मध्ये मध्यरात्री स्फोटकं लावून उडवला. पहिल्या दणक्यात तो पुरता पडलाच नाही. उरलेला यंत्रांनी तोडावा लागला. असा एका फटक्यात न मरणारा राक्षस प्रत्येक खेळात शेवटी असतोच. ऑगस्ट 2023 मध्ये नवे पूल खुले झाले, आणि आता तिथं इतके पूल, उतार, वळणं आणि बोगदे आहेत की भुयारी किल्ला वाटावा. पहिल्या आठवड्यात मी ऑफिसला निघालो आणि बावधनला पोचलो. दुसऱ्या दिवशी निघालो आणि कोथरूडला पोचलो. तिसऱ्या दिवशी एका फाट्यावर चुकलो आणि साताऱ्याकडे तोंड करून वारज्यापर्यंत गेलो. साहेबांना फोन केला.

"कुठं आहात?"

"चांदणी चौकात."

"काल तिथंच होतात."

"तिथूनच बोलतोय."

एकदाचं हिंजवडीला पोचलं की खरी लढाई. पावसाळ्यातली सकाळ. डावीकडून दुचाकी, उजवीकडून कंपनीची बस, समोरून उलट्या दिशेनं येणारा आणि वर आपल्यालाच खुणेनं 'डोळे नाहीत का' विचारणारा. इथं कुणी चौकट उघडून 'मारा, पळा, मंत्र, वस्तू' विचारत नाही. विचारलं असतं तर मी 'पळा' म्हटलं असतं, पण पळायलाही जागा लागते. मंत्र तेवढे म्हणतो. ते इथं छापता येणार नाहीत.

संध्याकाळी घरी येऊन मी फोन उघडतो. माळावर एक मोदक उभा असतो. आधी तुम्ही, म्हणतो.

दुसरी गोष्ट नोंदीची. सात-आठ मोदक मारले की तुतारी वाजते आणि पडद्यावर येतं: तुमची पातळी वाढली, शक्ती 4 ची 5 झाली. अर्ज नाही, शिफारस नाही, साहेबांची लहर नाही. मारले ते लागलीच तुमच्या नावावर. नोकरीत 26 वर्षं झाली. दरवर्षी मूल्यमापन होतं आणि दरवर्षी माझ्यापुढे 'अपेक्षेनुसार' लिहितात. ती कुणाची अपेक्षा आणि किती, हे कोणी सांगितलेलं नाही. जपानी खेळ मात्र स्वच्छ सांगतो, अजून 16 गुण मिळवा, चपळाई वाढेल. मी बायकोला हाक मारून दाखवलं.

"माझी शक्ती वाढली."

"मग तो पाण्याचा जार आत आण."

"कंबर."

"आणि परवा त्या राजकन्येला उचलून अख्खं राज्य फिरलास तो?"

खरं आहे. ड्रॅगनच्या गुहेतून सोडवलेल्या राजकन्येला नायक दोन्ही हातांवर घेऊन डोंगर, माळ, जंगल तुडवत राजवाड्यापर्यंत येतो. हे दृश्य मी घरात दाखवायला नको होतं.

आता नोंदीवरून निघालंच आहे तर जमिनीचं सांगतो. आमचं गाव धरणाच्या अंगाला आहे. नाव सांगत नाही, कचेरीचंही सांगत नाही. काम अजून व्हायचंय. हातानं लिहिलेले सातबारे संगणकावर चढले तेव्हा नानांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, नावातला एक काना गळून पडला. तेव्हापासून कायद्याच्या नजरेत दोन नाना आहेत. काना असलेल्या नानांकडे आधार कार्ड, पेन्शन, मधुमेह आणि मी. काना नसलेल्या नानांकडे सव्वादोन एकर आंबेमोहोराची खाचरं. दोघांची गाठ घालून द्यायची, एवढंच माझं काम.

"सोपं आहे," पहिल्या टेबलावरचे म्हणाले. "कलम 155 खाली अर्ज करा. चूक दुरुस्ती." मी अर्ज केला. दुसऱ्या टेबलावर कळलं की अर्जाला जुन्या हस्तलिखित उताऱ्याची नक्कल लागते. ती नक्कल मिळायला फेरफाराचा क्रमांक लागतो. फेरफार म्हणजे नमुना 6. तो शोधायला 8-अ बघावा लागतो. 8-अ काढायला नाव टाकावं लागतं. नाव टाकलं की काना नसलेले नाना येतात, आणि ते तुमचे कोण, असं खिडकीतला माणूस विचारतो. गाव नमुने एकूण 21 आहेत. दोन वर्षं खेटे घालून मी तिथला 22 वा झालो आहे.

खेळातल्या गावातही माणसं असतात. विहिरीपाशी एक म्हातारा उभा असतो. त्याला विचारलं की तो म्हणतो, दक्षिणेला गुहा आहे. पुन्हा विचारा, दक्षिणेला गुहा आहे. पन्नासदा विचारा, रात्री विचारा, मरून येऊन विचारा, त्याचं एकच. आणि दक्षिणेला खरंच गुहा असते. कचेरीत सोमवारी दक्षिणेला सांगतात. गुरुवारी गेलं की म्हणतात, गुहा आता ऑनलाइन झाली. पुढच्या सोमवारी म्हणतात, सर्व्हर बंद आहे, आणि दक्षिणेला कुणी सांगितलं तुम्हाला? सांगणारा समोर बसून कान कोरत असतो. त्या अख्ख्या आवारात मला एकच माणूस खेळातल्यासारखा भेटला, तो फाटकाबाहेरचा झेरॉक्सवाला. कधीही जा, तो म्हणतो, "दोन-दोन काढून ठेवा." त्याचं कधी चुकलेलं नाही.

आषाढात आवणी उरकली आणि नाना बांधावरून घसरले. पाय मुरगळला. 78 वर्षांचा माणूस, अर्धं आयुष्य गुडघाभर चिखलात उभा राहिलेला, त्याला डॉक्टरांनी पंधरा दिवस खाटेवर बसायला सांगितलं. चौथ्या दिवशी आईचा फोन आला, "एक तर तू ये, नाहीतर मी येते." मी आणि भाचा गेलो. भाच्यानं माझा फोन घरातल्या टीव्हीला जोडून दिला आणि मी ओसरीत बसून मोदक मारायला लागलो.

आमच्या ओसरीतून धरणाचं पाणी दिसतं. पाण्यापलीकडे आत्याचं घर दिसतं. हवा स्वच्छ असली तर वाळत घातलेली लुगडीसुद्धा मोजता येतात. जायचं तर डोंगराच्या कडेकडेनं पाण्याला अख्खा वळसा, गाडीनं तासाच्या वर. पूर्वी मधून वाट होती. 1921 साली याच धरणाविरुद्ध सेनापती बापटांनी सत्याग्रह केला, त्यात नानांचे आजोबा होते. धरण झालं, टाटांची वीज झाली, पाणी डोंगरातून पश्चिमेला भिऱ्याकडे उतरलं आणि आमची वाट खाली गेली. तेव्हापासून आमच्या घरात पाण्याकडे पाठ करून जेवायची रीत आहे, असं नाना पाहुण्यांना सांगतात. पंखा त्या बाजूला आहे, हे कारण आई सांगते.

खेळातही हेच आहे. राजवाड्यातून पहिलं पाऊल बाहेर टाकलं की पाण्यापलीकडे ड्रॅगनलॉर्डचा किल्ला समोर दिसतो. अगदी समोर. आणि तिथं पोचायला अख्खं जग पालथं घालावं लागतं.

नानांनी मान वळवली. "त्ये काय रं पल्याड?"

"राक्षसाचा वाडा."

"लांबनं जावं लागत आसंल."

न खेळता त्यांना निम्मा खेळ कळला होता. थोड्या वेळानं पडद्यावर एक सांगाडा आला. मी चहाचा कप उचलला.

"आरं, त्यो मारंल!"

"नाही मारणार. त्याचा नंबर नाही."

"म्हंजी?"

"आधी माझा नंबर, मग त्याचा."

"आन तू च्या पीत बसलास तर?"

"थांबेल."

"जेवून आलास तर?"

"तरी थांबेल."

नानांनी सांगाड्याकडे बराच वेळ पाहिलं. त्यांच्या डोळ्यांपुढे कोण होतं ते मला ठाऊक आहे. शेजारचं खाचर ज्याचं, तो दर उन्हाळ्यात कुदळीचा एक घाव जास्त घालून बांध आमच्या बाजूला सरकवतो. चाळीस वर्षांत एकदाही त्यानं विचारलेलं नाही की नंबर कुणाचा.

"लय भला राक्षस," नाना म्हणाले आणि त्यांनी फोन माझ्या हातातून काढून घेतला.

तोवर मी अकरा वेळा मेलो होतो. मेलं की राजा पुन्हा उठवून उभं करतो, पण खिशातल्या निम्म्या मोहरा जातात. नानांना हे फार लागलं.

"बँकेत का टाकत न्हाईस?"

"बँक तिसऱ्या भागात निघते, नाना."

"मग हातात रोकड ठिऊ नी. काय तरी घिऊन टाकावं."

त्यांनी ढाल घेतली. मी तलवारीच्या नादात ढालीकडे कधी पाहिलंच नव्हतं. आणि मग दोन दिवस ते वाड्याच्या आसपास मोदक मारत बसले. पूल ओलांडेनात. मी म्हटलं, चला आता, पुढे मजा आहे. त्यांनी माझ्याकडे पाहिलं ते आवणीच्या दिवशी मी पांढरे बूट घालून आलो होतो तेव्हा पाहिलं होतं तसं.

"राब भाजल्याबिगर रोप टाकतो का कुनी? रोपाला आंग धरू द्यावं, चिखलनी करावी, मंग आवनी. तू भाजनी सोडून कापनीला गेलास. मरशील न्हाय तर काय."

भाचा हे वहीत लिहून घेत होता. जगभरातले खेळाडू ज्याला ग्राइंडिंग म्हणून कंटाळतात आणि तरी सोडत नाहीत, त्याचा खुलासा त्याला पहिल्यांदाच कुणीतरी चिखलाच्या भाषेत केला होता.

नाना मग फक्त एकदाच अडले. राक्षसाच्या वाड्याकडे जायला पाण्यावर पूल लागतो, आणि तो पूल ज्याच्या हातात आहे तो म्हातारा म्हणतो की तू थोर वीराचा वंशज असल्याचा पुरावा आण, मग बघू. ते ऐकून मी घाबरून दाराकडे पाहिलं. कचेरीतला माणूस इथवर आला की काय! वारस असल्याचं ते चिन्ह कुठं तर राजवाड्यापासून 70 कोस दक्षिणेला आणि 40 कोस पूर्वेला, चिखलात.

"मोजनी केल्याली दिसतीय," नाना समाधानानं म्हणाले. त्यांनी पावलं मोजली, विषारी दलदलीत सरळ उतरले (चिखलाचं त्यांना काय) आणि वारसाचा पुरावा काढून आणला. अर्ध्या तासात. माझं दोन वर्षांचं काम. म्हाताऱ्यानं तो पाहिला, ऊन आणि पावसाच्या दोन वस्तू घेतल्या, आणि त्यांच्या बदल्यात जे दिलं त्यानं पाण्यावर इंद्रधनुष्य उभं राहिलं आणि त्याचा पूल झाला. एका फटक्यात. या काठापासून त्या काठापर्यंत.

नानांनी आधी टीव्हीकडे पाहिलं, मग ओसरीबाहेर, पलीकडच्या लुगड्यांकडे.

"हितला आमदार कोन हाय रं?"

रात्री आम्ही राक्षसाच्या वाड्यात पोचलो. एव्हाना आईसुद्धा भाकरी थापायची थांबून दारात उभी होती. तळघरामागून तळघर उतरत नाना सिंहासनापुढे आले.

"ह्याचा जीव कुठल्या पोपटात?"

"पोपट नाही यात. समोरासमोर."

पण ड्रॅगनलॉर्ड लगेच हाणामारीवर येत नाही. आधी बोलतो. त्याचं इंग्रजी जुन्या वळणाचं, थाटामाटाचं. मी भाषांतर केलं.

"म्हणतोय, माझ्या बाजूला ये. अर्धं जग तुला देतो."

आई म्हणाली, "घ्या की मग." नानांनी हात वर करून तिला थांबवलं. ओसरीत एकदम ती शांतता पसरली जी आमच्या घरात पांढरी गाडी दारात आली आणि उन्हाचा चष्मा लावलेला माणूस 'काका, जमिनीचं बोलायचं होतं' म्हणाला की पसरते.

"अर्दं म्हंजी किती?"

"आकडा दिलेला नाही."

"हद्द कुठनं कुठवर?"

"तेही नाही."

"हाय कुनाच्या नावावर?"

"त्यानं बळकावलंय."

"म्हंजी कब्जा ह्याचा आन मालकी दुसऱ्याची." नाना खाटेवर मागे टेकले. "सातबारा दाखीव म्हनावं."

"नाना, खाली फक्त 'हो' आणि 'नाही' आहे. 'सातबारा दाखव' असं काही नाही."

"मग ऱ्हाऊ दी त्याला हुबा. घाई आपल्याला न्हाई."

त्यांनी फोन चार्जरला लावला, काठी घेतली आणि डॉक्टरांची शपथ मोडून, बाहेर पावसात खाचराचं पाणी कुठवर चढलंय ते बघून आले. मग जेवले, पाण्याकडे पाठ करून, आणि झोपले.

पहाटे मला जाग आली तेव्हा ओसरीत निळा उजेड होता. महाराक्षस सिंहासनापुढे, हो आणि नाहीच्या चौकटीमागे, रात्रभर उभा. आई त्याच्या पायाशी केर काढत होती.

नाना चूळ भरून आत आले. टीव्हीसमोर थांबले. टॉवेलनं मिशा पुसत त्यांनी त्याला विचारलं, "आनली का रं कागदं?"